पडद्यापलीकडचे पाहुणे

सोलापूर शहर व जिल्ह्यातील तमाम नागरिकांना कळविण्यात येते की, सात रस्त्याजवळील चादरींचा दुकानदार, म्हणजे प्रस्तुत लेखक, यास वैद्यकीय आदेशानुसार तासभर तोंड बंद ठेवण्यास सांगण्यात आले आहे. नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये व अफवांवर विश्वास ठेवू नये.

आदेश देणारी डॉक्टर माझ्या पुतणीच्या वयाची होती. मला स्वरयंत्राचा कॅन्सर झाला होता. किरणांचा कोर्स संपून तीन महिने झाले होते आणि आत काही शिल्लक आहे का, ते पेट स्कॅनमध्ये दिसणार होतं. शिल्लक असेल तर ऑपरेशन, आणि ऑपरेशन म्हणजे स्वरयंत्रच काढणार. माझ्याकडे गिऱ्हाईक एक चादर बघायला येतं आणि गोष्ट ऐकून दोन घेऊन जातं. अशा माणसाचा आवाज जाणार!

"काका, हे इंजेक्शन म्हणजे एक प्रकारची साखर," ती म्हणाली. "शरीरात जे जोरात काम करतं ते ही साखर खातं आणि स्कॅनमध्ये उजळतं. कॅन्सर उजळतो, आणि तुम्ही बोललात तर घशाचे स्नायूही उजळतात. म्हणून चकार शब्द नाही."

मी मान डोलावली, सुई टोचून घेतली आणि पडदा ओढलेल्या कोपऱ्यात आरामखुर्चीवर डोळे मिटले. बायकोला बाहेरच बसवलं होतं.

मग मला खोकला आला.

"पावणं, कुटलं गाव?" पडद्यापलीकडून आवाज. तिकडे माझ्यासारखंच इंजेक्शन घेतलेला एक म्हातारा बसला होता.

मी गप्प.

"खोकल्यावरनं वळखलं मी, माणूस घरंदाज हाय. सांगा की."

आता आमच्या जिल्ह्यात कुणी गाव विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही, तर तुम्हाला आजारी नव्हे, माजलेला म्हणतात. मी पुटपुटलो, "सोलापूरच. सासुरवाडी जेऊर."

"आरं तिच्या! जेऊरला माझ्या भावाची लेक दिलीया की!"

झालं. म्हातारा सांगोल्याकडचा, मेंढरं राखणारा. त्याच्या गालात गाठ. त्याच्या पुतणीचा दीर आणि माझा मेहुणा यांचे बांधाला बांध लागलेले निघाले. मग मेहुण्याच्या वरातीतला घोडा नवरदेवासकट रेल्वे स्टेशनात घुसला होता, तो किस्सा सांगणं भागच होतं. सांगितला कुजबुजत, पण घोड्याचं खिंकाळणं कुजबुजत करता येत नाही.

"बाबा, तुम्हाला नाही का गप्प बसायला सांगितलं?" मी मध्येच विचारलं.

"सांगितलं की. पर तुमी पावणं निगालासा!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या संगणकावर माझा गळा बघितला. गड्ड्याच्या जत्रेतल्या दारूकामासारखा पेटला होता. बायकोने माझं कोपर घट्ट धरलं. मला मी दिसू लागलो, दुकानात उभा, चादरींकडे नुसतं बोट दाखवणारा.

डॉक्टर संगणकाजवळ वाकली. "काका, दोन्ही बाजू अगदी सारख्या उजळल्यात. बोललात का?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"घोडा स्टेशनात घुसेपर्यंत."

तिने कपाळाला हात लावला. "त्या आजोबांचाही जबडा असाच पेटलाय! आता यात गप्पा किती आणि कॅन्सर किती, मी कसं सांगू? कापायचं की नाही, यावरून ठरवताच येणार नाही. स्कॅन पुन्हा करावा लागेल."

दुसऱ्या स्कॅनला मला एकट्याला खोलीत ठेवलं. या वेळी मी खोकलासुद्धा गिळला. शेजारी कुणी नव्हतं, तरी भीती मात्र पुरेपूर होती. चुकून हुंकारलो तरी गळा जाईल, असं वाटत होतं.

निकालाला दोघं गेलो. डॉक्टरने संगणक आमच्याकडे वळवला. गळ्याच्या जागी नुसता शांत काळोख.

"काका, काही शिल्लक दिसत नाही. ऑपरेशन नको. अधूनमधून तपासत राहू, पण आवाज तुमचाच."

बायकोने संगणकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाकून संगणकाकडे पाहिलं आणि बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"मॅडम, नाव बघा हो नीट! हा गळा ह्यांचा नाहीच. एवढं गप्प बसणं ह्यांना शक्यच नाही!"