वजनासाठी खाल्लेली खीर
आज बुद्धपौर्णिमा, गल्लीभर खिरीचा वास सुटला अन् मले एकदम मावशी आठवली! दोन हजार आठ-नऊची गोष्ट असंल. मावशी चंद्रपुरात आमच्याच घरी राहायची. तिची शुगर गोळ्या-इंजेक्शनानंही उतरत नव्हती. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "जाड लोकांचं पोट लहान करतात त्या ऑपरेशननं फरक पडू शकतो, पण बाई, तुमचं वजन नियमापेक्षा कमी पडतं. नियम गोऱ्या लोकांवरून बनला. आपल्या लोकांना कमी वजनातही शुगर होते, पण मी काय करू?" मावशीनं सरळ अर्थ काढला, वजन वाढवाचं! त्या पौर्णिमेले विहारातून खीर आली अन् कित्येक वर्षांनी तिनं वाटी पुढं केली. आई ओरडली, "काऊन मरून राह्यली वं?" "मरून नाई, वजन वाढवून राह्यली. वाढ अजून!" आम्ही सारे खदखदून हसलो. त्याच पावसाळ्यात तिच्या पायाले जखम झाली, ती काळी पडली, शेवटी पाय कापावा लागला. मी दवाखान्यात भेटाले गेली, तं चादरीकडं पाहून म्हणते, "घे, पुन्हा वजन कमी झालं." आता म्हणे आपल्या लोकांसाठी तो वजनाचा नियम खाली आणला. शेजारच्या काकूनं दिलेली खीर समोर आहे, पण मी ती तशीच झाकून ठेवली.