दादाला लाकडे नको होती

सकाळी रुग्णालयातून फोन आला तेव्हा मी चहाचे आधण ठेवत होतो. दादा गेला होता. माझा थोरला भाऊ. वहिनी गेल्यापासून लालबागच्या आमच्या जुन्या चाळीतल्या खोलीत एकटा राहणारा, निवृत्त चित्रकला शिक्षक. त्याला जाऊन आता दीड महिना होईल. या काळात भेटायला आलेल्यांना मी त्याच्याविषयी जे जे सांगितले ते खरेच होते. एक गोष्ट मात्र सांगितली नाही...

दादा अर्ध्या बादलीत अंघोळ उरके. तांदळाचे धुवण तुळशीला घाली, जुन्या पॅन्टींच्या पिशव्या शिवी, आणि प्रभादेवीला माझ्याकडे यायचे झाले तरी चालत येई. यातले काहीही तो कुणाला शिकवायला जात नसे. शिकवले असते तर मला त्याची थट्टा करून मोकळे होता आले असते. माझ्या मुलीच्या लग्नात पाहुणे पाण्याच्या बाटल्या अर्धवट पिऊन टाकत होते, आणि नवरीचा हा काका, डोक्याला फेटा बांधलेला, त्या गोळा करून हॉलमधल्या कुंड्यांत रिकाम्या करीत होता. व्याही पाहत होते. मी त्याला बाजूला घेतले.

"तुझ्या या बाटल्यांनी समुद्र वाचणार आहे का रे दादा?"

"समुद्राचं समुद्र बघेल. तू हातातली संपव आधी. मघापासून नुसती धरून उभा आहेस."

मी हसलो नाही. बाटली तशीच टेबलावर ठेवून निघून गेलो.

शेवटच्या आठवड्यात त्याला बोलताना धाप लागे. एका दुपारी मला जवळ बोलावून म्हणाला, "मला विजेवर न्या. लाकडं नकोत. एक अख्खं झाड लागावं एवढा मोठा माणूस नाही मी." मी त्याचा हात हातात घेऊन वचन दिले. साठ-पासष्ट वर्षांत त्याने माझ्याकडे मागितलेली बहुधा ती एकच गोष्ट होती.

आम्ही त्याला रुग्णालयातून परस्पर स्मशानात नेले. चाळीत कळवले ते सगळे उरकल्यावर. विद्युतदाहिनी चालू होती, मोकळीही होती. ही सबब मला नाही. पण आमचे मामा काठी टेकत पुढे आले. "लाकडांशिवाय गती कशी मिळतली रे? थोरलो भाऊस तुझो. बेवारशी आसा काय?" चार नातेवाईक माझ्याकडे पाहू लागले. दादाची इच्छा सांगायला एक वाक्य पुरले असते. मी ते उच्चारले नाही. उलट लाकडे देणाऱ्याला मीच म्हणालो, जरा जास्त द्या, कमी पडायला नकोत. मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि, सांगायला लाज वाटते, त्या क्षणी मला बरे वाटले. चिता बराच वेळ जळत राहिली. धूर भिंतीलगतच्या पिंपळात शिरत होता आणि मी तिकडे पाहण्याचे टाळत होतो...

गेल्या रविवारी खोली आवरायला गेलो. दाराच्या कडीला दुधाच्या रिकाम्या पिशव्यांची जुडी अडकवलेली होती. धुऊन, वाळवून, दोऱ्याने बांधलेली. शेजारच्या शालिनीताई बाहेर आल्या. "मजल्यावरच्या सगळ्यांच्या आहेत. रविवारी दादा भंगारवाल्याकडे न्यायचे ना... हात आपसूक कडीकडे जातो बघा." मग हळूच म्हणाल्या, "विजेवरच नेलंत ना त्यांना? आम्हाला सांगून ठेवलं होतं त्यांनी. म्हणायचे, माझा भाऊ करेल बरोबर."

मी होकारार्थी मान हलवली. "बरं झालं हो," त्या म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

शालिनीताई वर्तमानपत्राची ही पुरवणी वाचतात, म्हणून इथे लिहितो. ताई, नाही नेले. लाकडे लावली, आणि ती मी सांगितली.

त्या दिवशी पिशव्या मी भंगारवाल्याकडे पोचवल्या. येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे. कडीला काही अडकवलेले असेल की नाही, ठाऊक नाही.