चुकीच्या कडेवरचा बाण

ओरछा गेटच्या बाहेरच्या एका लहान वर्कशॉपमध्ये मी सुट्टीत ट्रेनिंगला जात होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे छापलेल्या कागदावर माझा जरा जास्तच विश्वास होता, असं आता वाटतं.

काम होतं पंपाच्या तीस झाकणांचं. बिडाचं गोल झाकण, मधोमध शाफ्टसाठी भोक आणि भोकाभोवती उंच कडं. ड्रॉइंगवरच्या चौकटीत लिहिलं होतं की ‘A’ खुणेच्या जागी आधार देऊन झाकण फिरवलं तर ते कडं तीन शतांश मिलिमीटरपेक्षा जास्त डगमगता कामा नये. आणि ‘A’चा बाण टेकला होता झाकणाच्या बाहेरच्या कडेला.

मी कागदाप्रमाणे केलं. बाहेरची कड टेकवून झाकण फिरवलं, तर डगमग मोजणाऱ्या डायलचा काटा नाचायलाच लागला. दुसरं झाकण, तिसरं झाकण, तेच. ती कड ओतकामातून आली तशीच खडबडीत होती, तिला लेथ लागलेलाच नव्हता. तरी मी तिसांच्या तीस झाकणांपुढे ‘नापास’ लिहून वही मालकांपुढे ठेवली.

“सब के सब?” मालकांनी विचारलं. “कल गाड़ी जानी है, बिटिया.”

ज्या टर्नरचाचांनी आठ दिवस लेथवर खपून ती झाकणं केली होती, ते शेजारीच उभे होते. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, “छेद में मँड्रेल डाल के देखा क्या? शाफ्ट तो वहीं से जाएगा ना?”

मी मँड्रेल, म्हणजे भोकात घट्ट बसणारी गोल सळई, घालून एक झाकण फिरवून बघितलं. काटा दोन शतांशात थांबला. पण म्हणून कागद चुकीचा आहे असं म्हणायचं? मी? दोन वर्षं शिकलेली मुलगी? “मालक, उद्या सकाळी सांगते,” इतकंच बोलले आणि सायकल काढली.

प्रेम नगरला घरी आले तर बाबा शर्टाला इस्त्री करत होते. ते फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. जवळच्या बबिना छावणीत शेवटची पोस्टिंग झाली आणि आम्ही इथलेच झालो. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, “बाबा, कागद म्हणजे हुकूमच ना? तुम्हीच म्हणता, हुकमावर प्रश्न नको.”

“असं मी कधी म्हणालो?” बाबांनी इस्त्री उभी केली. “हुकूम मोडायचा नाही. पण कळला नाही तर साहेबांपुढे परत बोलून दाखवायचा. साहेब, मी असं समजलो, बरोबर आहे का? न समजता धावत सुटला त्याला आमच्याकडे पाठीवर सामानाचा जड पिट्टू लावून पळवायचे.”

“मग मला पळवतील?”

“तू सायकलवर पळून आलीसच की!” बाबा खो खो हसले.

सकाळी मी ड्रॉइंग पाठवणाऱ्या ग्राहकाच्या इंजिनिअर साहेबांना फोन लावला. “साहेब, मी असं समजले की झाकण बाहेरच्या कडेवर फिरवून मोजायचं. पण त्या कडेला मशीनिंग नाहीये. बरोबर समजले का?” हे सगळं हिंदीत, आणि दोनदा अडखळून.

पलीकडे कागद सळसळले. मग साहेब म्हणाले, “अरे, ‘A’ तो बोर है, बीच का छेद! नई ड्रॉइंग बनाते समय तीर खिसक गया. अच्छा किया जो पूछ लिया.”

मी धीर करून म्हटलं, “साहेब, हे लिहून पाठवाल?” अर्ध्या तासात दुरुस्त ड्रॉइंग मोबाईलवर आलं. ‘A’ आता भोकावर होता.

मग मी मँड्रेल घालून एकेक झाकण फिरवत गेले आणि चाचा शेजारी स्टूल टाकून काट्याकडे बघत बसले. दोन शतांश. दीड. दोन. प्रत्येक आकड्याला ते “हूं!” म्हणत, जणू क्रिकेटचा स्कोअर ऐकतायत. सव्विसाव्या झाकणाला काटा पाचाच्या पुढे गेला. मी थबकले. वर बघायचं धाडस होईना.

चाचांनीच हात पुढे करून ते झाकण उचललं, भोकात बोट फिरवलं आणि बाजूला ठेवलं.

“लिख दे, बिटिया,” ते हसत म्हणाले. “इस वाले में ड्रॉइंग की नहीं, मेरी गलती है.”

एकोणतीस झाकणं दुपारच्या गाडीत चढली.