राहीबाईच्या सात आसरा

माझ्या प्रबंधात राहीबाईचं नाव नाही. आभाराच्या पानावर ते मी लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शकांनी, शामकांत सरांनी, लाल शाईनं खोडलं आणि मी मुकाट्यानं पान बदललं. त्याची लाज अजून वाटते, म्हणून हे लिहायला बसले आहे.

१९७३ सालचा फेब्रुवारी. मी नगरची, शाळामास्तरांची मुलगी, पुण्याला भूशास्त्रात संशोधन करत होते. मिरजगावपासून तीन मैलांवर राहीबाईची वस्ती होती. पावसानं सलग दगा दिल्यामुळे तिथं नवी विहीर खोदणं चाललं होतं आणि मला खोलातला ताजा दगड हवा होता. वरचा दगड ऊनपावसानं सडलेला असतो, आणि त्यावर कधी वीज पडलेली असली तर त्यातलं चुंबकत्व बिघडून माझ्या दृष्टीनं तो कामातूनच गेलेला.

आपल्याकडचा काळा दगड म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवताना त्यातले लोहाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे दिशा धरतात आणि मग सोडत नाहीत. त्यावरून कळतं की तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या खाली, दक्षिणेला होती. पुढे ती सरकत सरकत उत्तरेला गेली, आशियाला धडकली, हिमालय उभा राहिला आणि त्याच्या पलीकडे तिबेटचं अख्खं पठार वर उचललं गेलं. आज हे शाळेत शिकवतात. तेव्हा सरांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. "जमिनी काय फिरायला जातात?" असं ते वर्गात म्हणायचे आणि पोरं हसायची. अगदी खालच्या थराचा पुरावा आण, मग बोलू, अशी त्यांनी मला अट घातली होती. त्या थराला पोचलेली विहीर मला सगळ्या कर्जत तालुक्यात ही एकच सापडली होती.

राहीबाई तेव्हा साठीची असेल. नवरा जाऊन पंधरा वर्षं झालेली. मुलगा बन्सी विहीर खोदत होता, सून बनुबाई पाट्या उचलत होती आणि राहीबाई काठावर बसून दोघांनाही शिकवत होती. तो हक्क तिचा होताच, कारण उमेदीत ती स्वतः अकरा विहिरींच्या तळाशी राबली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता, पण हातात दगड दिला की तो वरचा की खालचा, हे ती नुसतं चाचपून सांगायची. मी दिलेला प्रत्येक दगड तिनं बरोबर सांगितला, तेव्हा मला थोडा रागच आला. मी त्यासाठी सहा वर्षं कॉलेजात घातली होती.

जमीन सरकते हे मात्र तिला एका दमात पटलं. मी गोधडी भिंतीकडे ढकलून दाखवली, तशी चुण्या पडून ती उचलली गेली.

"मंग आपन बसल्या बसल्या वरती चाललोय म्हन की," ती म्हणाली. "वर्साला किती?"

"दोनतीन बोटं."

"आमची लंगडी म्हस परवडली." मग म्हणाली, "आन ती तिबेटातली मानसं? उचलली गेली ती. त्यांना इचारलं का कुनी?"

मी गोधडीच्या चुण्या सरळ करायला लागले.

बन्सीनं मला तळाच्या कडेचे सात दगड पहारीनं काढून दिले. काढण्याआधी मी होकायंत्र लावून प्रत्येकावर उत्तरेचा बाण खडूनं काढला होता. माझं सगळं काम त्या बाणावर होतं. दगड जागचा निघाला की तो कोणत्या अंगानं बसला होता हे सांगणारं दुसरं काही राहत नाही. एरवी मी बाण पक्क्या रंगानं काढते. रंगाचा डबा नेमका संपला होता. म्हणून सातही दगड विहिरीच्या काठावर ओळीनं मांडून मी रंग आणायला कर्जतला गेले. परतीची एसटी चुकली, मुक्काम पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते, तर सातही दगड शेंदरानं लालभडक! समोर उदबत्ती, दहीभाताचा नैवेद्य. आदल्या दिवशी अमावस्या होती. विहिरीच्या काठावर ओळीनं मांडलेले सात दगड म्हणजे साती आसरा, पाण्याच्या देवी. आमच्या जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगेल. नव्या विहिरीच्या तळातून सात दगड आले, कुणीतरी शिकल्या-सवरल्या बाईनं ओळीत मांडलेही; राहीबाईला वाटलं, मीच पूजेची तयारी करून गेले. तिनं देवींना रीतसर आंघोळ घातली होती, काथ्यानं घासून.

मी नको ते बोलले. अडाणी म्हणाले. माझ्या आईच्या वयाच्या बाईला, तिच्या दारात, तिचं अन्न खाऊन. मग दगडांच्या ढिगामागे जाऊन मोठ्यानं रडले. थोड्या वेळानं राहीबाई आली आणि माझ्याजवळ बसली.

"पोरी, त्यांची जागा अजून हाय का खाली?"

जागा होती, पण घटकाभरच. सुरुंगाची भोकं पाडून झाली होती, दुपारी दारू भरायची होती. एकदा बार उडाला की तळाची ती कड जाणार होती.

"आज सुरुंग न्हाई," राहीबाईनं बन्सीला सांगितलं. "सातीजनींना खाली घ्या."

बन्सी हबकला. "आये, बसवलेल्या आसरा उठवायच्या? पानी जाईल!"

"पानी हाय कुटं जायाला?" राहीबाई म्हणाली. "त्या आदुगर हिच्या हुत्या. मी मागनं देव केल्या."

पण तिचे हात जोडलेले मी पाहिले. तिनं एकेका दगडाला नमस्कार केला, पुटपुटत माफी मागितली आणि मलबा ओढायच्या यारीच्या डोलात बसून ती विहिरीत उतरली. मागोमाग मी. तळाशी अंधूक होतं, पण तिला उजेडाची गरज नव्हती. शेंदूर वरच्या अंगाला होता. खालची, तुटलेली बाजू कोरी होती. ती बोटांनी दगडाची कड चाचपायची, मग कातळातली खाच चाचपायची, दगड फिरवून ठेवायची. नीट बसला की बारीक आवाज यायचा आणि ती म्हणायची, "ही घरी गेली." मी होकायंत्र लावायची आणि या खेपेला बन्सी छिन्नीनं बाण कोरायचा.

सहा बसले. सातवा बसेना. मी म्हटलं, असाच असेल, कोपरा झडला असेल.

"न्हाई. हिला बळजबरी करू नगं."

मी ऐकलं नाही. रेटून बसवला आणि बाण कोरून घेतला. वर आल्यावर दगड पोत्यात भरताना तिनं एवढंच म्हटलं, "काम झालं की माझ्या आयांना परत आन."

चैत्रात प्रयोगशाळेच्या यंत्रावर माझी पाळी आली. दगड बसवण्यात चूक झाली असती तर प्रत्येकानं भलतीच दिशा सांगितली असती. सहा दगडांनी एकच दिशा सांगितली. सातवा तिसरीकडेच तोंड करून बसला होता. सरांनी आकडे तीनदा तपासले, चष्मा पुसला आणि जमिनी फिरायला जातात का, हे त्यानंतर कधी विचारलं नाही. मी राहीबाईला पोस्टकार्ड टाकलं: सहा खरे निघाले, सातव्याचा बाण खोटा, तुमचंच बरोबर.

दगडांतून बोटाएवढे तुकडे काढून घेतले होते. बाकीचे दगड मी एसटीनं स्वतः नेऊन दिले. तोवर तिची नजर जवळजवळ गेली होती. विहिरीला तीस हातांवर पाझर लागला होता. तो आसरांमुळे की सुरुंगामुळे, यावर मायलेकांचं भांडण चालू होतं. तिनं मला उत्तर दिशा विचारून घेतली आणि त्याप्रमाणे दगड काठावर मांडले.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर प्रबंध घेऊन पुन्हा गेले. ते पान बदललेलं आहे हे तिला कसं सांगावं, याची वाटेत जुळवाजुळव करत होते. त्या दिवशीही अमावस्या होती. राहीबाई विहिरीच्या काठावर बसून शेंदूर लावत होती. डाव्या हाताच्या बोटानं ती कोरलेला बाण शोधायची, बोट तिथंच ठेवायची आणि उजव्या हातानं त्याच्या कडेकडेनं शेंदूर लावत जायची. सहा दगडांवर काळा बाण कोरा राहिला होता. सातवा तिनं पुरता माखून टाकला.

"याचा का बुजवला?" मी विचारलं.

"हिचा खोटा हाय. तूच लिवलं हुतंस, बनूनं वाचून दावलं."

"आणि बाकीच्यांचा मोकळा का सोडलात? आता काम झालंय माझं."

तिनं आवाजाच्या रोखानं मान वळवली.

"आसू दे," ती म्हणाली. "मागं मी पुसला, तवा तू लई रडली हुतीस."