धुराची बाटली

दिवाळीला येताना आजोबांसाठी कोणती व्हिस्की आणायची, असं तुम्ही दोघा नातवंडांनी विचारलंत. दुकानात इतक्या बाटल्या असतात की डोकं चालत नाही, असंही म्हणालात. मला त्यातलं कळतं हा तुमचा समज कुठून आला ते मला ठाऊक आहे. मागच्या हिवाळ्यात व्हिडिओ कॉलवर माझ्यामागे ओट्यावर दोन बाटल्या दिसल्या होत्या. तेव्हा मी काही बोलले नाही, कारण काय चाललंय ते माझं मलाच नीट कळत नव्हतं. आजही पूर्ण कळलंय असं नाही, तरी क्रमाने लिहिते.

त्याआधी आजोबांना ताप आला होता. ताप उतरला, पण वास येणं बंद झालं ते परत सुरू झालं नाही. सुरुवातीला आम्ही हसण्यावारी नेलं. मग जेवण कमी झालं. लसणाची चटणी, मेथीची भाजी, वरणावरचं तूप, सगळं सारखंच लागतं म्हणाले, ओला पुठ्ठा चावल्यासारखं. सकाळच्या चहाबरोबर दुपारच्या भाजीची चौकशी करणारा माणूस ताटात भाताचे ढीग नुसते इकडून तिकडे सारू लागला. सदरे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टर म्हणाले, ओळखीचे उग्र वास रोज द्या, नाकाला आठवण करून द्या. येईल, कदाचित येणारही नाही. मी लवंग, लिंबाची साल, कापूर, निलगिरी अशा डब्या केल्या आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्या नाकाखाली धरू लागले. ते डोळे मिटून प्रत्येक डबीला 'नाही' म्हणायचे.

जानेवारीत आम्ही माझ्या माहेरी, निफाडकडे, हुरडा खायला गेलो. शेतात गोवऱ्यांची आगटी पेटवून त्यात ज्वारीची कणसं भाजत होते. वारा फिरला, धूर आमच्या अंगावर आला, आणि आजोबा म्हणाले, "काहीतरी आहे बुवा." एवढंच. नाशिकला पोचेपर्यंत ते 'काहीतरी' गेलंही होतं. पण मी ते धरून बसले. फ्लॅटमध्ये रोज आगटी कुठून पेटवणार?

त्याच आठवड्यात मनमाडहून माझे दीर, आजोबांचे धाकटे भाऊ, आले. त्यांचा सगळा जन्म रेल्वेत गेला.

"वहिनी, धूरच पाहिजे ना? मग व्हिस्की आणा. धुराची मिळते."

"धुराची?"

"हो. स्कॉटलंडात दलदलीतली माती कापून वाळवतात आणि जाळतात. तिच्या धुरावर बार्ली सुकवतात. काय वास येतो सांगू, जुन्या कोळशाच्या इंजिनाचा!"

"ह्याला बासुंदीलासुद्धा इंजिनाचा वास येतो," आजोबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते कुणाची तरी चेष्टा करत होते. शनिवारी संध्याकाळी खारे शेंगदाणे आणि एक पेग, हा त्यांचा जुना नेम. तापानंतर तोही सुटला होता. मी डॉक्टरांना फोन केला. एका पेगला त्यांची हरकत नव्हती.

कॉलेज रोडवरच्या दारूच्या दुकानात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. दुकानदाराने मला बघून आपणहून वाईनच्या कपाटाकडे हात केला. "आपल्या नाशिकचीच आहे, मॅडम. हलकी, गोड."

"मला व्हिस्की हवी. धुराची. आणि आधी पिण्याचा परवाना द्या."

तो जरा सरळ उभा राहिला. "मॅडम, आपण एक्साइज खात्यातल्या आहात का?"

नाही म्हटल्यावर त्याने ड्रॉवर उपसून एक पुस्तक काढलं आणि माझ्या नावाचा एक दिवसाचा परवाना फाडून दिला. परवाना एका दिवसाचा आणि बाटली दोन महिने पुरणारी. मग उद्या ती घरात असणं कायदेशीर की बेकायदेशीर, असं मी विचारलं. त्याने हात जोडले.

धुराबद्दल त्यालाही फारसं सांगता येईना. "लोक धूर नको म्हणून बदलून न्यायला येतात," म्हणाला. मग मीच लेबलं वाचली. काहींवर बारा वर्षं लिहिलेलं, काहींवर अठरा. मी हिशेब केला की जितकी वर्षं पिंपात, तितका धूर आत मुरलेला असणार, लोणच्यासारखा. आजोबांच्या नाकासाठी हात आखडायचा नाही असं घरून ठरवून आले होते. सगळ्यांत जुनी, म्हणजे सगळ्यांत महाग, तीच घेतली.

शनिवारी आजोबांनी ग्लास नाकाशी नेला, एक घोट घेतला. "छान. धूर छान आहे."

मला इतका आनंद झाला की मी पुन्हा भाकऱ्या थापायला गेले. नंतर ग्लास धुताना मीही वास घेतला. मनुका, मध, जुनं लाकडी कपाट. धूर काही सापडेना. मला वाटलं, आता माझंही नाक गेलं.

पुढच्या खेपेला भाऊजींनी घोट घेतला आणि माझ्याकडे बघत राहिले. "वहिनी, हिच्यात धूर कुठाय? हे तर मनुकांचं सरबत! आणि एवढी महाग?" त्यांनी फोनवर शोधून वाचून दाखवलं. त्या बाटलीची बार्ली धुरावर सुकवलेलीच नव्हती. शिवाय धुराची असली तरी पिंपात वर्षं जातात तसा धूर उतरत जातो. म्हणजे माझं लोणचं उलटंच मुरत होतं. आजोबा पेपर वाचत होते. पान मात्र उलटत नव्हते.

भाऊजी गेल्यावर मी विचारलं, "अहो, धूर आला होता ना तुम्हाला?"

"आला असेल."

"असेल म्हणजे?"

"तू एवढी त्या दुकानात गेलीस," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

मला रागही येईना आणि रडूही येईना. वास येत नाही हे दुःख धरायचं, की माझ्यासाठी खोटं बोलले हे सुख?

मग मी घरी बसून नीट वाचलं आणि तेवढं तुमच्या कामाचं आहे. वय आणि किंमत बघू नका, 'पीटेड' हा शब्द बघा. तो त्या मातीच्या धुराचा. थोडाच धूर हवा असेल तर मिश्रणातल्या, म्हणजे ब्लेंडेड बाटल्यांपैकी एखादी घ्या. वांगं भाजून झाल्यावर ओट्यावर रेंगाळतो तेवढा वास तिला असतो आणि ती खिशालाही झेपते. त्याच्या वर आपल्या देशातल्या पीटेड सिंगल माल्ट, म्हणजे एकाच कारखान्याच्या, मिश्रण न केलेल्या, आगटीजवळ बसून आल्यावर साडीला येतो तशा वासाच्या. त्याच्याही पुढे स्कॉटलंडच्या बेटांवरच्या. त्यांत धुराबरोबर दवाखान्यातल्या आयोडीनचा वास असतो, आणि त्यांतली कमी वयाचीच बहुधा जास्त धुरकट आणि जुनीपेक्षा स्वस्त.

दुसऱ्या खेपेला मी तसली बेटावरची आणली. झाकण काढताच मला ठसका लागला. आजोबांनी घोट घेतला. "छान. धूर छान आहे."

तेच शब्द, तोच सूर. आता हे खरं की खोटं, कसं ओळखायचं? दोन सारख्या ग्लासांत दोन्ही ओतून ओळखायला लावावं असं मनात आलं. पण ते चुकले असते तर? ज्या परीक्षेत नापास होण्याची भीती त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती, ती घेण्याचा धीर मला झाला नाही.

दोन-तीन दिवसांनी ते मागच्या बाल्कनीत झाडांना पाणी घालत होते. त्यांना न सांगता मी एका वाटीत थोडी व्हिस्की घेतली आणि गॅस बंद करून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात ती वाटी ठेवली, बाळाचं तेल कोमट करतो तशी. वास गरम केला की जोर धरतो, एवढंच माझं शास्त्र. दरवळ उठला. तेवढ्यात बाल्कनीतून आवाज आला, "अगं, खाली कुणी पाला पेटवलाय का?"

मी हलले नाही. ते झारी हातात घेऊन आत आले, नाक वर, डोळे बारीक, भिंतीच्या कडेने हुंगत.

"कसला वास येतोय?" मी विचारलं.

"धुराचा. ओल्या पाल्याचा. आत्ता होता." मग त्यांना पातेलं दिसलं, शेजारची बाटली दिसली. "ही व्हिस्की आहे?"

"हो."

"गरम केलीस?"

"हो."

"भाऊला सांगू नकोस. जीव जाईल त्याचा." त्यांनी वाटीवर नाक नेलं. बराच वेळ तसेच वाकून राहिले. "आता नाही येत."

"पण मघाशी आला होता ना? खरंच? की तुम्हाला नुसतं वाटलं?"

"मला काय माहीत गं! आला. गेला."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, मागच्या दोन वेळांसारखं माझ्यासाठी काही चाललंय का ते शोधत. ते माझ्याकडे बघतच नव्हते. स्टूल ओढून ओट्याला लागून बसले आणि पातेल्याला बोट लावून पाहिलं.

"पाणी निवलंय," ते म्हणाले. "परत तापव."