एडनाबाईची बकरी

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या प्रार्थनाघराच्या दारावर एक पाटी आहे. 'आशा बंधुसभा, अनसिंग. देशात व परदेशात सेवाकार्य.'

पाटी रंगवायला दिली तेव्हा माझे काका उकंडराव यांनी कॅनडातल्या एका मंडळीच्या पत्राच्या माथ्यावर छापलेला मजकूर मराठीत उतरवून पेंटरला नमुना म्हणून दिला होता. त्यांचं नाव काढून आपलं घाल, एवढं सांगितलं. पेंटरने नाव बदललं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. काकांनी पाटी लांबून पाहिली, जवळून पाहिली आणि म्हणाले, "राहू द्या. अक्षर चांगलं आलं."

देशातलं सेवाकार्य आमचं खरंच चालू होतं. उन्हाळ्यात बसस्टँडवर पाण्याचे रांजण, दवाखान्यात बाळंतिणीसोबत थांबलेल्यांना डबा, शाळेतल्या मुलांना चपला. आम्ही सगळी मिळून नऊ माणसं, त्या मानाने बरंच. परदेशातलं मात्र इतकंच, की उपासनेच्या शेवटी काका डोळे मिटून म्हणत, "आणि प्रभू, परदेशातल्यांनाही सांभाळ." स्टँडवर कोणी ना कोणी टोकायचंच. "काय उकंडराव, परदेशात काय चालू हाये सध्या?" काका चहाचा कप तोंडाला लावत आणि कपाच्या आडून म्हणत, "चालू हाये."

ती पाटी खरी केली लिलामावशीने.

लिलामावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. उंची बेताची, आवाज मोठा. शाळेत तिचा नियम एकच: एका मुलाला एक डाव, सगळ्यांचं झालं की मग दुसरा. एकदा सरपंचाच्या नातवाने ताट आधीच पुढे केलं, तर तिने डाव तसाच हवेत धरून ठेवला. तो मागे सरेपर्यंत खिचडीही खाली आली नाही आणि मावशीही बोलली नाही. नियम म्हटला की तिला पुढचं काही दिसत नाही. मी वाशीमला सोलर पंप आणि इन्व्हर्टर बसवतो. आमच्या कामात अशा वस्तूला आम्ही चांगल्या प्रतीची म्हणतो. माणसात ही गोष्ट असली की काय होतं, ते पुढे येईलच.

तर त्या कॅनडातल्या मंडळीने आमच्यातल्या काही जणांना बकऱ्या दिल्या. तीही लहानच मंडळी, सगळी म्हातारी माणसं. केक आणि जुने स्वेटर विकून त्यांनी पैसे जमवून पाठवले होते, बकऱ्या इथल्याच बाजारातून घेतल्या. सोबत एडना नावाच्या आजींच्या सहीचं एकपानी पत्र होतं. त्यात नियम होता: बकरीला होणारी पहिली पाट, म्हणजे मादी पिल्लू, आपल्याहून जास्त गरजू माणसाला द्यायची. त्या माणसानेही पुढे तसंच करायचं. नंतरही आजींची पत्रं येत राहिली.

एक बकरी लिलामावशीला मिळाली. दिवाळीच्या सुमारास ती व्याली आणि पाट झाली. काळी, कपाळावर पांढरा ठिपका, कान लांब. सगळ्या गल्लीला माहीत होतं की ही कोणाकडे जायला हवी. मावशीच्या घराला भिंत लागून तुळसाबाईचं घर. एकटी बाई, मुलगा पुण्याला, वर्षात एकदा फोन. तिची म्हैस मागच्याच पावसात गेली होती. गोठा रिकामा, दावं अजून खुंट्याला.

अडचण एकच होती. मावशी आणि तुळसाबाई दहा वर्षं बोलत नव्हत्या.

तुळसाबाईच्या मुलाच्या लग्नात वरण लिलामावशीने केलं होतं. भर पंगतीत तुळसाबाई म्हणाली, "लिला, वरन पातय झालं वं." पातळ वरणाच्या नावाने पंगत हसली. मावशीने डाव पातेल्यात ठेवला, पदर खोचला आणि निघून आली. तेव्हापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. जे काय सांगायचं ते मांजराला, कोंबडीला नाहीतर पावसाला सांगतात, फक्त भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा बेताने.

नियम मोडायचा नाही आणि तुळसाबाईला तर द्यायची नाही. पाट दूध सोडायला आली तशी मावशीची झोप उडाली. दोन रविवार ती गाणी गातानाही भलतीकडेच बघत होती. तिसऱ्या रविवारी उपासना संपल्यावर ती उभी राहिली.

"उकंडभाऊ, पाट कोणाले द्याची ते ठरलं."

"तुळसाबाईले?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"एडनाबाईले."

मग काका हळू आवाजात म्हणाले, "लिलाबाई, बकरी तिनंच पाठवली हाये."

"मंग? नियमात लिवलं का, की पाठवणाऱ्याले द्याची नाही? पवन, वाच."

मी पत्र वाचलं. लिहिलेलं नव्हतं.

"मांगच्या पत्रात तिनं काय सांगतलं? नवरा मेला. पोरं दूर. बर्फावर पडली तं उचलाले कोनी नव्हतं. डब्यातलं सूप एकटी बसून पेते. मी एकटी असली तरी माह्या दारात दिवसभर पोरं राह्यतात. सांगा आता, माह्याहून गरजू कोन?"

काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर दारातून बाहेर, पाटीच्या मागच्या बाजूवर गेली. ते तसेच थांबले. देशात व परदेशात सेवाकार्य.

"पाठवाची कशी पण?" ते म्हणाले. तिथेच आम्ही हरलो.

पोस्टात विचारलं. तिथल्या माणसाने वजनाचा काटा बघितला, पाट बघितली आणि जेवायची सुट्टी झाली असं सांगून उठला. सकाळचे अकरा वाजले होते. कुरिअरवाल्याने विचारलं, फुटण्यासारखी वस्तू आहे का. शेवटी मावशी मला घेऊन गुरांच्या दवाखान्यात गेली.

"काय झालं हिले?" डॉक्टरने विचारलं.

"काही नाही झालं. कॅनडाले चालली."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "जिती?"

"नाही तं काय, तळून पाठवू?"

डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने आम्हाला बसवून समजावलं. आधी जनावर महिनाभर बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं. मग रक्त तपासायचं. मग त्या देशाची परवानगी, आणि ती काही मिळत नाही. शेवटचं वाक्य त्याने दोनदा सांगितलं. पण मावशीने पहिलंच ऐकलं होतं, कारण ते तिला करता येण्यासारखं होतं.

पाटेचं दूध तुटलंच होतं. मावशीने तिला आईपासून सोडवून अंगणाच्या कडेला बांधलं. वर एक टीनपत्रा टाकला, भोवती तुरीच्या काड्यांचा कूड केला. पार्सलवर पत्ता असतो तसा असावा म्हणून तिने माझ्याकडून खोक्याच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात 'कॅनडा' लिहून घेतलं आणि खुंट्याला टांगलं. आत कोणाला पाऊल टाकू देईना. शाळेतली पोरं कुडाबाहेर रांगेत उभी राहून कॅनडा पाहू लागली. कोणाचा चेंडू आत गेला की ओरडा व्हायचा, "मावशी, बॉल कॅनडात गेला!" आणि मावशी हात धुऊन, पाय धुऊन आत जायची, चेंडू धुऊन परत द्यायची.

फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली नाही, किंवा आली तरी इलाज नव्हता. अंगणात दुसरी जागाच रिकामी नसल्याने कॅनडा तुळसाबाईच्या भिंतीला लागून होता.

महिना भरत आला तेव्हा काका म्हणाले, निदान एडनाबाईंना कळवायला तरी हवं. आमची रविवारची सकाळ म्हणजे तिकडे शनिवारची रात्र. सगळी मंडळी मावशीच्या अंगणात जमली, मी मोबाईल खुर्चीवर उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे पांढऱ्या केसांच्या एक बाई, मांडीवर घोंगडीसारखं काहीतरी, मागे काळी खिडकी.

"जेवली का म्हना," मावशी म्हणाली.

मी विचारलं. सूप घेतलं, असं उत्तर आलं.

"कोनासंगं?"

एकटीनेच.

मावशीने वळून सगळ्या मंडळीकडे बघितलं. "सांगत होती का नाही?" मग तिने पाट उचलून मोबाईलसमोर धरली आणि मला म्हणाली, "सांग तिले. हे तुही."

मी सांगितलं. कारणही सांगितलं. एडनाबाई हलेनात. मला वाटलं नेट गेलं, मी आमच्या बाजूची रेंज तपासली. मग त्या बोलल्या. म्हणाल्या, आजवर मला पाय असलेली वस्तू कोणी दिली नव्हती. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, इथे मांजरही पाळू देत नाहीत. पण तो नियम मीच लिहिला आहे आणि त्यात नको म्हणायची सोय ठेवलेली नाही. तेव्हा बकरी माझी. फक्त ती तुझ्याकडे राहील, आणि मी दर आठवड्याला तिला बघेन.

त्या दिवशी काका मुद्दाम स्टँडवर गेले. कोणी विचारेना म्हणून स्वतःच विषय काढला. "परदेशात ना? सध्या एका बाईले बकरी देली."

वर्षभर हे चाललं. दर रविवारी एडनाबाई त्यांच्या बकरीला बघत, मावशी त्यांना जेवण काय केलं ते विचारे, सूप ऐकलं की कपाळाला हात लावी. त्या चौकटीत बकरीच्या मागे भिंत होती आणि भिंतीवरून दर वेळी एक डोकं दिसे. तुळसाबाई. ती बाभळीच्या शेंगा आणून वरून टाकायची.

मावशी बकरीला म्हणायची, "कोनाचंबी खाऊ नको वं. फारिनच्या मानसाची हायेस तू."

तुळसाबाईही बकरीलाच म्हणायची, "खाय वं बाई. त्या घरचं पातय खाऊन कशी वाढशीन?"

एडनाबाईंनी एकदा हात हलवला. तुळसाबाई पटकन खाली बसली. पुढच्या रविवारी तिनेही हलवला, आणि मग ते दर रविवारचंच झालं. मावशीला वाटे आपल्यालाच हलवतायत, तीही हलवी.

मग कॅनडातली बकरी व्याली. एक बोकड आणि एक पाट.

आता नियम एडनाबाईंना लागू झाला. पिल्लांचं दूध तुटलं त्या रविवारी त्या गळ्यात रुमाल बांधून बसल्या होत्या. इकडे सगळी मंडळी अंगणात. मावशी रात्रभर विचार करून आली होती. "सांग तिले," ती मला म्हणाली, "आसेगावची वैजयंती हाये, तिचा हात मोडला. रिठदचा राजू हाये, त्याचं घर गळते. मी दोघाईलेबी पाह्यलं. दोघंबी गरजू हायेत. चांगली मानसं हायेत. दूर राह्यतात."

मी सगळं सांगितलं. एडनाबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग बोट उचललं. मला भाषांतर करावंच लागलं नाही, कारण बोट मोबाईलच्या काचेतून सरळ भिंतीकडे होतं.

"तिले नाही!" मावशी म्हणाली. "सांग, ते गरजू नाही. तिच्याकडं टीव्ही हाये."

मी सांगितलं. उत्तर आलं, "टीव्ही माझ्याकडेही आहे. तरी तू मला बकरी दिलीस."

मावशीने पदर खोचला.

"आणि वर्षभर बघते आहे," एडनाबाई म्हणाल्या. "भिंतीपलीकडे तिच्याशिवाय मला कधी कोणी दिसलं नाही."

मावशीने काकांकडे बघितलं. काका आभाळाकडे बघत होते. तिने पत्र परत वाचायला लावलं. मी वाचलं. त्यात शेजारणीला देऊ नये असंही कुठे लिहिलं नव्हतं. मावशी बराच वेळ तशीच उभी राहिली, डाव हवेत धरून उभी राहते तशी. मग वाकली, पाट उचलली, पाय न धुताच कॅनडातून चालत भिंतीपाशी गेली.

"घे," ती म्हणाली. मांजराला नाही, कोंबडीला नाही. "माह्यी नाही हे. एडनाबाईची हाये."

"मले मालूम हाये," तुळसाबाई म्हणाली. "तुह्या हातची मी घेतलीच नसती."

"माह्याच हातून घेऊन राह्यली ना?"

"हात तुहे, बकरी तिची." तिने पाट छातीशी धरली. तिचे लांब कान नीट केले. मग भिंतीपलीकडे वळता वळता थांबली. "हिची पयली पाट मले कोनाले द्या लागन?"

"तुह्याहून गरजूले."

तुळसाबाईने मावशीला खालपासून वरपर्यंत बघितलं. "मंग मी पाहून ठेवला मानूस."

"मी गरजू? मी?"

"दहा वर्सं झाले, अजून वरन पातय करतं म्हने. शाळेतले पोरं सांगतात."

"पोरं काहून सांगतीन! ते तं खिचडी खातात!"

"खिचडीबी पातय असन."

दहा वर्षांचं साठलेलं होतं. दोघी भिंतीच्या दोन बाजूंनी, मध्ये पाट ओरडत, असं जे सुरू झालं ते थांबेना. काकांनी प्रार्थना सुरू करून पाहिली, ती कोणाला ऐकू गेली नाही. एडनाबाईंनी मला विचारलं, काय बोलतायत त्या? मी म्हटलं, डाळीबद्दल. म्हणाल्या, थांबवू नकोस, चालू दे, आणि घोंगडी नीट करून बसल्या.

पुढच्या रविवारी मी मोबाईल लावला तेव्हा मावशी आधीच भिंतीपाशी उभी होती. हातात वाटी. पलीकडे तुळसाबाई, तिच्या काखेत पाट.

"एडनाबाईले म्हना, नीट पाहा," मावशी म्हणाली, "साक्षीदार लागते मले." आणि वाटी मोबाईलसमोर धरून तिने एका झटक्यात पालथी केली.

वरण पडलं नाही.

तिने तशीच पालथी वाटी भिंतीवरून पलीकडे दिली. तुळसाबाईने ती सुलटी केली, बोट बुडवायला गेली तर बोट बुडेना. तिने बोटाने एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. पलीकडे कॅनडातही कोणी श्वास घेत नव्हतं.

"मीठ कमी हाये," तुळसाबाई म्हणाली, आणि दुसरा तुकडा मोडला.