माशांचं खत आणि मासीमांची मांजरं

नवऱ्याची बँकेतली बदली झाली म्हणून आम्ही पुण्याहून कोलकात्याला आलो आणि बालीगंजमधल्या एका जुन्या इमारतीत राहू लागलो. गच्चीवर मी कुंड्या मांडल्या, पण वांगी काही धरेनात. रोपवाटिकेतल्या माणसाने जिवाणू खताची पुडी दिली. म्हणाला, "तुमच्या मातीत जीव नाही. हे मिसळा. आणि माशांची घाण गुळात कुजवून, पाण्यात पातळ करून घाला."

मी शाकाहारी घरातली. तरी मासळीबाजारातून डोकी, आतडी, खवले पिशवीत भरून आणले, तोंड फिरवून गुळाबरोबर कालवले आणि बादली पाण्याच्या टाकीमागे ठेवली. झाकण नीट बसत नव्हतं. मला ते दिसलं होतं.

आठवड्याभरात जिन्यात घाण वास पसरला. सगळ्यात वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या मासीमा, म्हणजे बंगालीत मावशी, आपल्या तीन मांजरांना दाराबाहेर मासे घालायच्या. इमारतीच्या बैठकीत सगळे त्यांच्यावरच घसरले.

"मी रोज जागा धुते," एवढंच त्या म्हणाल्या.

शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्हालाही त्रास होत असेल ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी इमारतीतले दोघे जण मांजरं पोत्यात घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला, डमडमच्या बाजूला सोडून आले. त्याच दुपारी मी बादलीवर प्लास्टिक बांधून वर विटा ठेवल्या. वास गेला, आणि दोष मांजरांचाच होता यावर सगळ्यांचा विश्वास बसला.

खत तयार झालं आणि पुढे वांगी अशी लगडली की फांद्यांना काठ्यांचा आधार द्यावा लागला. पण तोडताना हात जड व्हायचा. शेवटी चार वांगी घेऊन मासीमांच्या दाराशी गेले.

"मासीमा, तो वास माझ्या खताच्या बादलीचा होता."

"ठाऊक आहे, बौमा," सुनेला हाक मारावी तसं त्या म्हणाल्या. "मी तेव्हाच वर जाऊन पाहिलं होतं."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"तू बोलशील असं वाटलं होतं."

वांगी त्यांनी घेतली. आत ये म्हणाल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मी प्रत्येक घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. काही जण हसले, एकाने खताची कृती विचारली. मांजरं नेमकी कुठे सोडली ते विचारून घेतलं आणि दोन दिवस डमडमच्या गल्ल्यांतून फिरले. एकही सापडलं नाही.

मासीमा जिन्यात भेटल्या की आजही माझी चौकशी करतात. मी उत्तर देते आणि पटकन खाली उतरते.